चिमणीचं ‘थांब’

मराठी घरातल्या मुलाच्या कानावर सगळ्यात आधी पडणारी गोष्ट बहुधा चिमणी-कावळ्याची असते, आणि ती दयेची गोष्ट नाही. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. मोठा पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा भिजत चिमणीच्या दाराशी येतो. चिमणी आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. मग थांब, बाळाचं अंग पुसते. मग काजळ, मग तीट, मग अंगडं-टोपरं, मग थोपटून झोपवणं. शेवट घराघरात वेगळा. कुठे गारठलेला कावळा तव्यावर बसतो आणि चटका खाऊन उडून जातो, कुठे आत येऊन सगळी खीर फस्त करतो. सांगणारा बदलला की शेवट बदलतो. मधलं ‘थांब’ मात्र मी कुठल्याच घरात बदललेलं ऐकलेलं नाही.

अलीकडे या गोष्टीची पुष्कळांना लाज वाटते. मुलांना प्रेमानं वागायला शिकवायचं तर पहिल्याच गोष्टीत दार लावून बसलेली आई कशाला, असं म्हणून चिमणी लगेच दार उघडते, कावळ्याला टॉवेल देते आणि दोघं मित्र होतात, अशी सुधारलेली गोष्ट सांगितली जाते. हेतू चांगला आहे. तरीही ही सुधारणा चुकीची आहे असं माझं मत आहे, कारण तिच्यात गोष्टीतली सगळ्यात खरी जागा पुसली जाते.

चिमणी दुष्ट नाही. तिनं दिलेलं एकही कारण खोटं नाही. बाळ खरंच ओलं आहे, त्याचं अंग खरंच पुसायला हवं, ते खरंच झोपेला आलेलं आहे. कावळ्याला ती शिवी देत नाही, हाकलत नाही, ‘नाही’ असं तर एकदाही म्हणत नाही. ती फक्त आपल्या माणसाचं आधी करते. माणसं एकमेकांशी कठोर वागतात ती बहुतेक वेळा याच वाटेनं. द्वेषानं दार लावणारे थोडे. आपल्या घरातलं काम उरकेपर्यंत दार न उघडणारे पुष्कळ. आणि उरकायचं काम संपत नाही, कारण बाळाला तीट लावून झाली की टोपरं असतंच. वाईट लांडगा आणि गरीब कोकरू या जोडीत मुलाला वाईटपणा ओळखता येतो, पण तो लांडग्याचा. चिमणीच्या गोष्टीतला कठोरपणा त्याच्या स्वतःच्या आईच्या आवाजात बोलतो.

ही गोष्ट कधी सांगितली जाते तेही पाहा. मुलाला न्हाऊ घालताना, भरवताना, झोपवताना. चिमणी बाळाचं जे जे करते ते ते त्या क्षणी ऐकणाऱ्याचं होत असतं. म्हणून मूल खुशीत ऐकतं. ते मेणाच्या घरात आहे. बाहेर पाऊस आहे, कुणीतरी ओरडतंय आणि आपल्याला मात्र पावडर लावली जातेय, यातलं सुख फार जुनं आहे आणि ते मुलाला मिळायलाच हवं. स्वतःला सुरक्षित न वाटलेलं मूल दुसऱ्याला काय देणार? पण तेवढ्यावर गोष्ट थांबली तर कावळ्याचा आवाज हा त्या सुखाचा भाग होतो. बाहेर कुणी भिजत असलं की आत जास्त ऊब वाटते, हेही मूल नकळत शिकतं.

हे सगळं मला कात्रपच्या संदर्भात बोलायचं आहे, कारण दाराचा प्रश्न अशा गावांत रोजचा आहे. कात्रप हे बदलापूर पूर्वेचं जुनं गाव. आज ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे आणि गावठाणाच्या भोवती इमारतींची दाटी झाली आहे. २०११च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. आई-वडील पहाटेच्या लोकलनं जातात, रात्री उशिरा येतात, मूल आजीकडे किंवा पाळणाघरात. मुंबईच्या चाळीतून, कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेली घरं एका जिन्यावर राहतात. प्रत्येक घराला आतलं लाकडी दार आणि बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर. बेल वाजते ती कुरिअरवाल्याची, घरकाम करणाऱ्या मावशींची, कचरा न्यायला आलेल्याची. आतून उत्तर जातं, थांबा जरा. हे मूल ऐकतं. गोष्टीतलं ‘थांब’ आणि दारातलं ‘थांबा’ एकाच आवाजात येतं.

इथे एका प्रयोगाची आठवण करून देणं भाग आहे, कारण प्राण्यांच्या गोष्टींवरचा आपला विश्वास त्यानं हलवला. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घ्यायला शिकणाऱ्या एका रकूनची गोष्ट वाचून दाखवली. काही मुलांना तीच गोष्ट वाचली, पण चित्रांत रकूनच्या जागी माणसांची मुलं होती. तिसऱ्या गटाला बियांविषयीचं पुस्तक. वाचनाच्या आधी आणि नंतर मुलांना स्टिकर दिले आणि ज्याला मिळाले नाहीत अशा मुलासाठी त्यातले किती ठेवता, असं विचारलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी नंतर जास्त दिले. रकूनची गोष्ट ऐकलेल्यांचं देणं वाढलं नाही. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जी मुलं प्राण्यांना माणसासारखं मानत होती त्यांच्यावर मात्र प्राण्यांच्या गोष्टीचा जास्त परिणाम दिसला.

एका प्रयोगावरून इसाप आणि पंचतंत्र माळ्यावर टाकावं असं मी म्हणत नाही. पण छापील पुस्तकातला सदरा घातलेला ससा सद्गुण शिकवील, ही आपली समजूत भाबडी आहे. रकूननं खाऊ वाटला, ठीक आहे, तो रकून आहे, मी नाही. मुलाचं हे तर्कशास्त्र अगदी सरळ आहे. तोंडी सांगितलेली गोष्ट याच ठिकाणी वेगळी पडते. आजी चिमणी सांगते तेव्हा तिचा हात मुलाच्या केसांत असतो, आणि चिमणीचं बाळ म्हणजे मांडीवरचं मूल हे दोघांनाही न बोलता ठाऊक असतं. प्राणी आणि माणूस यांच्यातला पूल सांगणाऱ्याच्या अंगानं बांधला जातो. मग पुढचा प्रश्न टाळता येत नाही, तो पूल बांधणारी व्यक्ती स्वतः दारात कशी वागते?

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. आपल्या परंपरेनं दार उघडण्याचे धोकेही सांगून ठेवले आहेत. पंचतंत्र मुळात मुलांच्या प्रेमळपणासाठी रचलेलंच नाही. विष्णुशर्म्यानं राजाच्या तीन मुलांना व्यवहार शिकवण्यासाठी ते सांगितलं, अशी त्याची चौकट आहे. त्यातल्या काकोलूकीय तंत्रात कावळ्यांचा एक म्हातारा मंत्री जखमी शरणार्थी बनून घुबडांच्या दाराशी येतो. घुबडांच्या सभेत वाद होतो. एक मंत्री म्हणतो, याला मारा. दुसरा म्हणतो, शरण आलेल्याला मारू नये, आणि दाखला म्हणून पारध्यासाठी स्वतःला आगीत टाकणाऱ्या कबुतराची कथा सांगतो. कावळ्याला आसरा मिळतो, आणि शेवटी तोच घुबडांची गुहा पेटवून देतो. म्हणजे चिमणीच्या बाजूनं एवढा मोठा ग्रंथ उभा आहे. तरी त्याच सभेत कबुतराची कथाही सांगितली गेली, ती गाळली गेली नाही, याचं मला फार महत्त्व वाटतं. जुन्या लोकांनी दोन्ही गोष्टी एकाच वादात शेजारी ठेवल्या आणि ऐकणाऱ्यावर विचाराचं ओझं टाकलं.

बदलापूरकरांना तर हा धोका पुस्तकातून शिकायची गरज उरलेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातल्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. त्या दिवसानंतर इथल्या आईला ‘मुलाला दार उघडायला शिकवा’ असं सांगायला जो जाईल त्यानं आधी तिची भीती समजून घेतली पाहिजे. ती भीती खरी आहे. अनोळखी माणसाबरोबर जाऊ नकोस, नको असलेला स्पर्श झाला तर ओरड, घरी कुणी नसताना दार उघडू नकोस, हे मुलाला शिकवलंच पाहिजे. प्रेमळपणाच्या नावाखाली मुलाला गुपचूप सोसायला शिकवणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे. मोठ्यांचं ऐकावं, उलट बोलू नये, हे आपण चांगुलपणा म्हणून शिकवत आलो, आणि त्यातलं बरंच अत्याचार करणाऱ्यांच्या सोयीचं ठरलं.

पण गोष्ट पुन्हा नीट पाहा. कावळा बाळाला हाक मारत नाही. तो चिमणीला हाक मारतो. कडी चिमणीच्या हातात आहे. दार उघडायचं की नाही हा निर्णय मोठ्यांचा, आणि मूल तो निर्णय होताना आतून पाहत असतं. दयेचं शिक्षण आणि सावधपणाचं शिक्षण यांत भांडण लावायचं कारण नाही. दोन्ही कामं त्याच मोठ्या माणसाची आहेत. आपली गफलत इथे होते की सावधपणा आपण स्वतः पाळतो आणि दया मुलावर सोपवतो. आपण सेफ्टी डोअरच्या आडून बोलतो आणि मुलाला म्हणतो, खाऊ वाटून खा.

‘थांब’ न म्हणणाऱ्यांच्या गोष्टीही मराठीत आहेत, आणि त्या चिमणीच्या गोष्टीशेजारी सांगितल्या तर दोन्ही उजळतात. नामदेवांच्या पुढ्यातली भाकरी कुत्रं पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, कोरडी कशी खाशील म्हणून. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या एकनाथांची गोष्ट तर प्रत्येक कीर्तनात असते. गंगेची कावड रामेश्वराला न्यायची, अभिषेक करायचा, महिन्यांची पायपीट मागे पडलेली, आणि वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसतं. एकनाथ ते पाणी गाढवाला पाजतात. चिमणीपेक्षा त्यांच्याकडे सबळ कारण होतं. देवाचं काम होतं. आधी अभिषेक, मग गाढव, असं म्हणाले असते तर कुणी दोष दिला नसता. गाढव मात्र मेलं असतं.

गाढवाची गोष्ट समाजाला पचते. त्याच एकनाथांची दुसरी आख्यायिका पचायला जड गेली. घरी श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, वासानं दाराशी भुकेली अस्पृश्य माणसं आलेली, आणि एकनाथांनी ब्राह्मणांसाठी केलेलं ते अन्न आधी त्यांना वाढलं. गावातल्या ब्राह्मणांनी बहिष्काराची भाषा केली. त्यांचा राग अन्न दिल्याचा जितका होता तितकाच क्रम मोडल्याचा होता. उरलेलं नंतर दिलं असतं तर चाललं असतं. श्राद्धाच्या दिवशी आपण कावळ्याला गच्चीवर बोलावतो, तो शिवेपर्यंत जेवायला बसत नाही, घास कोरडा राहिला तर कासावीस होतो. वर्षातून एकदा ज्याची वाट पाहायची त्यालाच एरवी पावसात उभं ठेवायचं, हा विरोध चौथी-पाचवीतल्या मुलाच्या लक्षात येतो. त्यानं विचारलं तर गप्प बस म्हणू नये.

शेणाचं घर कुणाचं असतं, हेही मुलाला कळतं. कात्रपला राहणारं मूल शाळेच्या वाटेवर बांधकामाशेजारची पत्र्याची घरं पाहतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात त्या घरांची काय गत होते तेही पाहतं. उल्हास नदी रेल्वेच्या पश्चिमेला. तिला पूर आला की पाणी आधी हेंद्रेपाड्यासारख्या भागात शिरतं. २६ जुलै २००५चा पाऊस इथली मोठी माणसं विसरलेली नाहीत. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, पुराच्या पाण्यात अडकली. आत सुमारे १०५० प्रवासी होते, त्यांत गरोदर बायकाही होत्या. एनडीआरएफ, नौदल, वायुदल आलं, आणि त्यांच्याबरोबर आसपासच्या गावांतली माणसंही पाण्यात उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्याच पावसानं या गावकऱ्यांनाही झोडपलं होतं, त्यांच्याही घरात बाळं होती. आधी आमचं आवरू दे, असं म्हणायचा हक्क त्यांना नक्कीच होता. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्यांनी रकून आणायला कॅनडापर्यंत जायची गरज नाही. ही गोष्ट लिहा, आणि माणसं माणसंच ठेवा.

पक्ष्यांच्या खऱ्या जगात तर चिमणी-कावळ्याच्या कथेतली घरं केव्हाच उलटली आहेत. कावळा शेणाचं घर बांधत नाही, काटक्यांचं बांधतो, हल्ली त्यात बांधकामाच्या तारेचे तुकडेही असतात, आणि त्याच घरात कोकिळा अंडी घालून जाते. दुसऱ्याचं पिल्लू कावळा आपलं म्हणून भरवतो. जाणून नसेल, पण भरवतो. उलट चिमणीला आता जागा मिळत नाही. कौलांच्या फटी, वळचण, भिंतीवर कललेल्या तसबिरीची मागची बाजू, हे तिचं राहणं होतं. स्लॅबच्या इमारतीत यातलं काहीच नाही. नाशिकच्या महंमद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीनं २०१०पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस सुरू केला आणि लोक खिडकीशी लाकडी खोकी टांगू लागले. चिमणी आज आपल्या दाराशी आली आहे. मेणाच्या घरात राहणारं कुणी कायमचं आत राहत नाही, हे मुलाला सांगायला यापेक्षा जवळचा पुरावा नको.

आता मला दोन बायकांविषयी सांगायचं आहे, आणि त्यांचं काम तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलंच. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठी उघडली ती दलित आणि आदिवासी मुलं येईनात. घरात धाकटी भावंडं सांभाळायची असत, गुरं असत, आणि पांढरपेशांच्या शाळेची पायरी चढायची सवय नव्हती. दार उघडं ठेवून वाट पाहत बसणं सहज शक्य होतं. आम्ही दार बंद केलं नाही, असं म्हणताही आलं असतं. त्या दोघींनी शाळाच उचलून वस्तीत नेली. मुलांच्याच अंगणात बालवाडी भरवली, तिलाच आपण आज अंगणवाडी म्हणतो. आणि तिथे गेल्यावर पहिलं काम कोणतं, तर मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं.

चिमणी जे जे आपल्या बाळाचं करते ते ते या बायकांनी दुसऱ्यांच्या बाळांचं केलं. चिमणीच्या गोष्टीला मराठीत मिळालेलं सगळ्यात मोठं उत्तर मला हे वाटतं. त्यांनी न्हाऊ घालणं कमी लेखलं नाही, माया पातळ केली नाही, आपलं काम अर्धं टाकून परोपकाराला धावल्या असंही नाही. तेच काम, तेच पाणी, तीच फणी. फक्त बाळ कुणाचं, ही अट त्यांनी काढून टाकली. दयेविषयीचा आपला मोठा गैरसमज असा की तिच्यासाठी आपल्या माणसांवरचं प्रेम तोडून द्यावं लागतं. कोसबाडच्या टेकडीवर ते प्रेम जसंच्या तसं दुसऱ्याच्या अंगणात गेलं.

म्हणून चिमणीची गोष्ट आहे तशीच सांगावी. कावळा भिजू दे. चिमणीची कारणं एकामागून एक येऊ देत, मुलाला ती आवडतात. फक्त तिसऱ्या-चौथ्या ‘थांब’पाशी सांगणाऱ्यानं क्षणभर थांबून विचारावं, तू कावळा असतास तर? काही मुलं म्हणतील, उघडलंच पाहिजे. काही म्हणतील, नको, तो खीर खाईल. हे दुसरं उत्तरही ऐकून घ्यावं, दामटू नये. खीर कुणासाठी केली होती, थोडी आधीच बाजूला काढता आली असती का, असं पुढचं विचारावं. पाळणाघरातल्या ताईंना, अंगणवाडीतल्या सेविकांना हे आजींइतकंच जमेल, किंबहुना जास्त, कारण त्यांच्यासमोर एकाच सतरंजीवर मेणाच्या आणि शेणाच्या दोन्ही घरांतली मुलं बसलेली असतात.

आणि घरात दुसरं एक काम आहे, ते मुलाचं नाही. कात्रपच्या कितीतरी घरांत, माझ्या ओळखीच्या सुशिक्षित, देवभोळ्या, गोड बोलणाऱ्या घरांत, घरकाम करणाऱ्या मावशींसाठी चहाचा कप वेगळा असतो. तो ओट्याच्या कोपऱ्यात उपडा असतो. त्याविषयी कुणी काही बोलत नाही आणि मूल तो रोज पाहतं. चिमणीची गोष्ट नीट सांगितली गेली तर एखाद्या संध्याकाळी ते त्या कपाविषयी विचारणार आहे. त्या आधी तो कप उचलून बाकीच्या कपांत मिसळून टाका आणि मावशींना आपल्यातल्याच कपात चहा द्या, बसायला खुर्ची देऊन.